परदेशात शिफ्ट होताय? गाडी सोबत न्यायची की नाही, बडोद्याहून निघणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

बडोद्यात आपल्या मराठी घरांमधून आता दरवर्षी कुणी ना कुणी बाहेर निघालेलं असतं. दांडिया बाजारातलं जुनं घर असो की मांजलपूरचा फ्लॅट, कुणाचा मुलगा लेस्टरला, कुणाची सून मेलबर्नला, कुणी कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, हातात घेऊन बसलंय. व्हिसा आला की हमखास प्रश्न येतो, गाडीचं काय करायचं? हौसेनं घेतलेली, हप्ते अजून चालू, आणि विकायला गेलं तर डीलर असा भाव सांगतो की पोटात गोळा येतो. मग कुणीतरी म्हणतं अरे कंटेनरमध्ये टाक आणि घेऊन जा ना, एजंटला विचारलं तर तो म्हणतो "थई जशे", म्हणजे होऊन जाईल.

थई जशेवर विसंबून राहू नका. गाडी इकडच्या बंदरातून बाहेर पाठवणं अवघड नाहीये, पैसे भरले की जाते. ती तिकडच्या रस्त्यावर चालवायची परवानगी मिळणं हे खरं काम, आणि ते जवळपास पूर्णपणे तुम्ही कुठल्या देशात चाललात त्यावर ठरतं. म्हणून शिपिंगचे कोटेशन मागवायच्या आधी, बँकेत जायच्या आधी, पहिल्यांदा देशाचा नियम बघा.

पहिलं काम: देश बघा

अमेरिका असेल तर विषय तिथेच संपतो. तिकडे २५ वर्षांपेक्षा कमी वयाची गाडी कायमची न्यायची तर ती त्यांच्या सेफ्टी स्टँडर्डप्रमाणे बनलेली असावी लागते, आणि भारतात विकायला बनलेल्या गाड्या तशा नसतात. बदल करून पास करून घ्यायचा रस्ता कागदावर आहे पण खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो. कॅनडाचंही तसंच, फरक एवढाच की तिकडे सूट १५ वर्षं जुन्या गाडीपासून मिळते. म्हणजे तुमची तीन-चार वर्षांची क्रेटा किंवा नेक्सॉन टोरांटोला कायमची न्यायचा विचार आत्ताच सोडा आणि सरळ शेवटच्या भागाकडे या, तिथे विकण्याचं आणि ठेवण्याचं लिहिलंय.

दुबई, अबुधाबी? तिकडे स्टिअरिंग डावीकडे, आणि आपल्यासारख्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीचं रजिस्ट्रेशन होत नाही. विषय संपला.

सिंगापूरला स्टिअरिंग आपल्याच बाजूला आहे पण जुनी गाडी तीन वर्षांच्या आतलीच चालते, शिवाय गाडी ठेवायचा हक्क म्हणून जो सीओई बोलीत घ्यावा लागतो त्याची किंमतच कित्येकदा तुमच्या गाडीपेक्षा जास्त निघते. सोडा.

मग उरले ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पूर्व आफ्रिका. बडोद्यातल्या बऱ्याच घरांचं नैरोबी, कंपाला, दार-ए-सलामशी जुनं नातं आहे म्हणून तेही सांगतो. केनियात उजवं स्टिअरिंग चालतं पण गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी नको, आणि जहाजावर चढायच्या आधी इन्स्पेक्शन करून घ्या.

ऑस्ट्रेलियाची एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: इम्पोर्ट अप्रूव्हल हातात आल्याशिवाय गाडी जहाजावर चढवायची नाही. आधी अप्रूव्हल, मग बुकिंग. उलट केलं तर गाडी तिकडच्या बंदरात अडकते, रोजचं भाडं चढत जातं, आणि शेवटी परत पाठवा नाहीतर नष्ट करा एवढंच हातात राहतं. पर्सनल इम्पोर्टच्या रस्त्याने जायचं तर गाडी भारतात किमान १२ महिने तुमच्या मालकीची आणि तुमच्या वापरातली असायला हवी. ज्यांचं पीआर येऊ घातलंय आणि आत्ताच नवीन गाडी घ्यायचा विचार चाललाय त्यांनी हे लक्षात घ्या. न्यूझीलंडलाही नवीन स्थलांतरितांना ड्यूटी-जीएसटीत सूट आहे, तिथेही वर्षभराची मालकी आणि वापर लागतो, पण एमिशन आणि सेफ्टीचे दाखले नसले तर नुसत्या टॅक्सच्या सुटीचा काही उपयोग नाही.

ब्रिटनचं जरा सविस्तर, कारण आपले बरेच लोक तिकडे

ब्रिटनला गाडी नेता येते, उजवं स्टिअरिंग आहे, डाव्या बाजूने चालतात त्यामुळे हेडलाइटची बीमही जुळते. यात सगळ्यात मोठा पैसा वाचवणारा कागद म्हणजे ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स रिलीफ, म्हणजे तिकडे राहायला जाणाऱ्याला ड्यूटी आणि व्हॅटमध्ये मिळणारी सूट, फॉर्मचं नाव टीओआर १. अट अशी की तुम्ही सलग १२ महिने ब्रिटनच्या बाहेर राहिलेले असावेत, गाडी किमान ६ महिने तुमच्याकडे आणि तुमच्या वापरात असावी, आणि तिकडे गेल्यावर १२ महिने ती विकता, भाड्याने किंवा कुणाला वापरायला देता येत नाही. अर्ज गाडी पोचायच्या आधी करा आणि मंजुरीचं पत्र तुमच्या क्लिअरिंग एजंटकडे आधीच देऊन ठेवा.

ही सूट नसेल तर काय होतं ते आकड्यात बघा. समजा गाडीची किंमत ८,००० पाउंड धरली आणि जहाजाचं भाडं व इन्शुरन्स मिळून १,५०० पाउंड. टॅक्स या एकूण ९,५०० वर लागतो. १० टक्के ड्यूटी म्हणजे ९५०, मग ड्यूटी धरून झालेल्या १०,४५० वर २० टक्के व्हॅट म्हणजे २,०९०. मिळून ३,०४० पाउंड, आणि यात अजून टेस्ट आणि रजिस्ट्रेशन आलेलंच नाही. एका फॉर्मने हे सगळं वाचतं, म्हणून तिकीट काढायच्या आधी तो फॉर्म भरायला बसा.

गाडी पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत तिकडच्या टॅक्स खात्याला नोव्हा नावाच्या सिस्टिममध्ये कळवायचं, त्याशिवाय नंबर मिळत नाही. १० वर्षांच्या आतली गाडी असेल तर व्हेइकल अप्रूव्हल लागतं, म्हणजे बहुतेकांना आयव्हीए टेस्ट. त्यात आपल्या गाड्या दोन ठिकाणी हमखास अडकतात, एक म्हणजे स्पीडोमीटर मैलात दिसायला हवा आणि दुसरं म्हणजे मागचा फॉग लॅम्प, जो आपल्याकडच्या खालच्या व्हेरिअंटमध्ये नसतोच. हे दोन्ही काम बडोद्यातच करून घेतलं तर बरंच स्वस्तात होतं, चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा आणि वायरिंग कापाकापी न करता कपलर लावून करायला सांगा. गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर एमओटी, म्हणजे तिकडची फिटनेस तपासणी, पण लागते. हे सगळं झालं की डीव्हीएलएला, म्हणजे तिकडच्या गाड्यांच्या नोंदणी खात्याला, अर्ज, मग नंबर, मग नंबरप्लेट.

आणि इन्शुरन्स. इम्पोर्ट केलेली, तिकडे न विकलेल्या मॉडेलची गाडी म्हटलं की बऱ्याच कंपन्या कोटेशनच देत नाहीत, देणाऱ्या जास्त मागतात. म्हणून निघायच्या आधीच ऑनलाइन दोन-तीन ठिकाणी विचारून बघा, कारण इन्शुरन्सशिवाय गाडी घरासमोर नुसती उभी राहणार.

दुसरं काम: आपली गाडी नेण्यासारखी आहे का

देशाने हो म्हटलं म्हणून लगेच न्यायचीच असं नाही. तिकडे तुमच्या मॉडेलचे पार्ट मिळतात का हे आधी शोधा. भारतात बनलेलं मॉडेल तिकडे त्याच नावाने विकत असले तरी इंजिन, लाइट, एअरबॅग वेगळे असू शकतात. कंपनीची वॉरंटी सहसा देशापुरतीच असते.

गुजरातमध्ये बऱ्याच गाड्या सीएनजीवर, तर हा मुद्दा खास आपल्यासाठी. बाहेरून किट लावलेली गाडी जहाज कंपनी सिलिंडरसकट घ्यायला कुरकुर करते, तिकडच्या टेस्टमध्येही ते किट पास होण्याची आशा धरू नका, आणि रस्त्यात पंपही नाहीत. न्यायचीच तर किट काढून आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्यावी लागेल. इलेक्ट्रिक गाडीत चार्जिंगची अडचण तशी कमी, ब्रिटनमध्ये आपल्यासारखंच सीसीएस २ चालतं, पण लिथियम बॅटरीमुळे जहाज कंपन्या नियम कडक लावतात, काही घेतच नाहीत, आधी विचारा.

जुन्या दुर्मिळ गाड्यांचा नाद असलेलेही आपल्याकडे कमी नाहीत, २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसला विंटेज गाड्यांचा मोठा सोहळा झाला तेव्हा अख्खं शहर बघायला लोटलं होतं. आजोबांची तशी गाडी घरात असेल आणि ती १९५० च्या आधीची असेल तर सरकारी परवान्याशिवाय ती देशाबाहेर पाठवता येत नाही, सुटा पार्टसुद्धा नाही. अशा गाडीच्या बाबतीत आधी वकील किंवा कस्टम ब्रोकरशी बोला.

माझं मत विचाराल तर साधी हॅचबॅक किंवा सेडान न्यायच्या भानगडीत पडू नये. घरातल्या अपंग माणसासाठी हँड कंट्रोल बसवून घेतलेली गाडी असेल, किंवा जिच्यात खरंच जीव अडकलाय अशी असेल, आणि देश ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियासारखा असेल, तर मात्र जरूर न्या.

तिसरं काम: इकडचे कागद

लोन चालू असताना गाडी बाहेर पाठवता येत नाही, ती बँकेकडे गहाण आहे. लोन संपवा, बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या, आरसीवरचं हायपोथिकेशन, म्हणजे गहाणाची नोंद, काढून घ्या. बँकेची एनओसी घरात येऊन पडली म्हणजे काम झालं असं समजून लोक बसतात, आरसीवर बँकेचं नाव तसंच राहतं आणि कस्टममध्ये तेच दिसतं. दरजीपुऱ्याच्या आरटीओला अर्ज करून नाव उतरल्याची नवीन आरसी हातात घ्या. त्याच चकरेत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट पण करून घ्या, फॉर्म ४ए, एक वर्ष चालतं. पेंडिंग ई-चलन भरून टाका, आणि गाडी कायमची देशाबाहेर चाललीय हे आरटीओला लेखी कळवून पोचपावती घ्या, आरसीचं पुढे काय करायचं तेही त्याच वेळी विचारा. नाहीतर सरकारच्या 'वाहन' पोर्टलच्या रेकॉर्डला गाडी तुमच्याच नावावर इथेच फिरतेय असं दिसत राहतं.

आता नावाचं. हा प्रकार बडोद्यातल्या मराठी माणसाला फार छळतो. गुजरातच्या कागदांवर आडनाव आधी लिहितात, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात जातं, आणि मधेच कुठेतरी क्लार्कने वडिलांच्या नावापुढे भाई आणि आईच्या नावापुढे बेन जोडलेलं असतं. इथे सगळ्यांना सवय आहे, कुणी अडवत नाही. पण परदेशातल्या कस्टमला आरसीवरचा माणूस आणि पासपोर्टवरचा माणूस एकच हे सिद्ध करावं लागतं, कारण सगळी सूट मालकीवर आहे. आरसी, गाडीचं मूळ बिल, इन्शुरन्स पॉलिसी, पासपोर्ट हे चारही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि स्पेलिंगचं एकेक अक्षर जुळवून बघा. फरक असेल तर आरसी दुरुस्त करून घेतलेली सगळ्यात चांगली, वेळ नसेल तर नोटरीकडून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं ॲफिडेव्हिट करून घ्या. जहाजाच्या बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल चढवल्याच्या पावतीवर, नाव पासपोर्टप्रमाणेच लिहायला सांगा.

स्वतःच्या वापराच्या वस्तूसाठी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, लागत नाही, धंदा नाहीये हा. कस्टम ब्रोकर मात्र लागतोच. त्याला विचारताना हे विचारा की याच देशात याआधी खाजगी गाडी पाठवलीय का, फॅक्टरीचा माल पाठवणारे खूप आहेत पण पर्सनल गाडीचं काम वेगळं असतं. कोटेशन लेखी घ्या, आणि त्यात तिकडच्या बंदराचे चार्जेस धरलेत की नाही हे स्पष्ट लिहून घ्या, कारण स्वस्त कोटेशनमध्ये नेमके तेच नसतात.

चौथं काम: जहाज

दोन पद्धती आहेत. रो-रो म्हणजे गाडी चालवत जहाजात चढवतात आणि चालवतच उतरवतात, ही सहसा स्वस्त, पण आत सामान ठेवू देत नाहीत. दुसरं म्हणजे २० फुटी कंटेनर, त्यात एक गाडी नीट मावते. बडोद्याहून दशरथचा कंटेनर डेपो, मुंद्रा आणि न्हावा शेवा असे रस्ते आहेत, ब्रोकर सोयीचा सांगेल.

कंटेनरसाठी तयारी करताना टाकीत पेट्रोल अगदी कमी, पाव टाकीच्या खालीच. बॅटरीची तार काढायची, चाकांना लाकडी गुटके आणि चारही बाजूंनी पट्टे, लाकूड ट्रीटमेंट केलेलं आणि शिक्का असलेलं. दार बंद करायच्या आधी चारही बाजूंचे, छताचे, ओडोमीटरचे फोटो तारखेसकट काढा, ओरखडा असेल तर जवळून. गाडीची रोजची पॉलिसी समुद्रावर चालत नाही, ती भारतापुरती असते, फार तर जास्त प्रीमियम भरून नेपाळ-श्रीलंकेसारख्या शेजारी देशांपर्यंत वाढवता येते. मरीन इन्शुरन्स वेगळा घ्या आणि तो नुसता जहाज बुडालं तरचा आहे की खरचटलं तरी मिळणारा, हे वाचून घ्या.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाणार असाल तर धुण्याचं काम मनापासून करा. तिकडचं बायोसिक्युरिटी खातं माती, बी, पान, किडा काहीही खपवून घेत नाही, सापडलं की पुन्हा धुण्याचा खर्च तुमच्यावर. पार्लरमधला फोम वॉश इथे पुरत नाही. गाडी लिफ्टवर घेऊन चाकांच्या कमानीच्या आतल्या प्लास्टिकमागे प्रेशर मारून घ्या, वळवाच्या पावसातला चिखल तिथे वाळून बसलेला असतो. वायपरच्या खालची जाळी उघडा, सोसायटीतल्या कडुलिंबाची पानं आणि निंबोळ्या तिथे ढिगाने निघतात. डिक्कीतलं स्टेपनीचं चाक उचला, वर्षाचे गहू आणताना सांडलेले दाणे त्या खड्ड्यात असतातच. सीटच्या रुळांत मुलांनी सांडलेले शेंगदाणे, मुरमुरे. टायरच्या खाचांतले खडे टोकरून काढा. आणि समोर लटकवलेली लिंबू-मिरची, डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढची अक्षत, वाळलेलं जास्वंद, हे सगळं नमस्कार करून उतरवा. मूर्ती स्वच्छ पुसून हँडबॅगेत न्या. धुतल्यावर गाडी चालवत नेऊ नका, ट्रकवर चढवूनच डेपोला पाठवा.

उलटा प्रवास, म्हणजे तिकडून परत येणाऱ्यांसाठी

परत येणाऱ्यांच्या डोक्यात एक गैरसमज घट्ट बसलेला असतो, की घरसामानाला ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सची सूट मिळते तशी गाडीलाही मिळेल. मिळत नाही, गाडी बॅगेजमध्ये धरतच नाहीत. जुनी गाडी आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली हवी, स्टिअरिंग उजवीकडे, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये, आणि उतरणार फक्त मुंबई बंदरावर, मुंद्रा समोर दिसत असलं तरी तिथे नाही. पुढे भारतीय नियमांत बसते का याची तपासणी. ड्यूटी आणि टॅक्स मिळून गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतात. अमेरिका, कॅनडा, आखातातली डाव्या स्टिअरिंगची गाडी तर येऊच शकत नाही. तिकडेच विका आणि पैसे घेऊन या.

नाही नेली तर

बहुतेकांचं उत्तर हेच असणार, मग ते तरी नीट करा.

विकायची तर निघायच्या आठवड्यात विकू नका, घाईतल्या माणसाला डीलर लांबूनच ओळखतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी देऊन टाकली आणि ट्रान्सफर झालंच नाही, तर उद्या त्या गाडीने काही केलं की नोटीस तुमच्या आईवडिलांच्या दारात. अधिकृत डीलरला दिली तर फॉर्म २९सी ने पोर्टलवर नोंद करून घ्या, त्यानंतर जबाबदारी डीलरची. खाजगी माणसाला दिली तर आरसीवर त्याचं नाव चढल्याचं ऑनलाइन स्वतः बघा, मगच विमानात बसा. फास्टॅग बंद करा. आणि इन्शुरन्स कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र मागून घ्या, बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, जास्तीत जास्त ५० टक्के, आणि ते पत्र ३ वर्षं चालतं. तिकडचा एखादा इन्शुरन्सवालाही ते मान्य करतो, विचारायला काही जात नाही.

घरी बाबांसाठी ठेवायची असेल तर सरळ त्यांच्या नावावर करून द्या. मालक परदेशात आणि गाडी इथे अशा स्थितीत क्लेम आला की सह्या, ओळखपत्रं, बँक खातं प्रत्येक ठिकाणी खोळंबा होतो. नाव बदललं की पॉलिसीवरही बदलायचं, ते आपोआप होत नाही. नुसती उभी राहणार असली तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवायला कुणालातरी सांगा.

आणि पार्किंग कुठे आहे ते बघा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा अकोटा, समा भागात खालच्या पार्किंगमधल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट घेतलेलं असू द्या, आणि घरच्यांना बजावून ठेवा की पाण्यात उभी राहिलेली गाडी चावी फिरवून बघायची नाही. पाणी इंजिनात गेलेलं असताना स्टार्ट केली की इंजिन जातं, आणि साध्या पॉलिसीत कंपनी ते देत नाही. फोटो काढायचे, कंपनीला फोन करायचा, टो करून न्यायची.

शेवटचं, वाहन पोर्टलवर आणि पॉलिसीत मोबाइल नंबर तुमचा असेल तर निघायच्या आधी बदलून घरच्या माणसाचा टाका. सगळं ओटीपीवर चालतं, आणि तुमचं इथलं सिम तिकडे बंद पडलं की साधं पीयूसी किंवा रिन्यूअलचं काम अडून बसतं.